बहात्तर गावांची राजधानी

औंध म्हटले की आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या डोळ्यांपुढे पुण्याचे औंध उभे राहते. उंच इमारती, झगझगीत दुकाने, आणि मग ठरलेला प्रश्न – "तुमचा तिथे फ्लॅट असेल ना?" दर वेळी मला खुलासा करावा लागतो की आमचे औंध ते नव्हे. आमचे औंध सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात आहे. पाऊस बेताचा, माळरान उदंड. एस.टी.तून येताना आधी डोंगर दिसतो, मग डोंगरावरचे यमाईचे देऊळ दिसते, आणि गाव दिसते ते अगदी शेवटी, जवळ आल्यावर. हे गाव एके काळी राजधानी होते असे सांगितले, की मंडळी आणखीच हसतात.

हसोत बापडे! राजधानी म्हणावे असे आता तिथे फार काही उरलेले नाही, हे मलाही कबूल आहे. वाडा आहे, तळे आहे, डोंगराच्या मध्यावर संग्रहालय आहे. शाळांच्या सहली येतात, चित्रे पाहतात, देवीला नारळ फोडतात आणि डबे खाऊन परत जातात. परंतु आमच्या गावाच्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट काचेच्या कपाटात मांडता येण्याजोगी नाही. त्यामुळे सहलीला आलेल्यांना ती कुणी दाखवत नाही, आणि गावातल्यांनाही तिचा विसर पडत चालला आहे. त्या गोष्टीविषयी लिहावे असे फार दिवस मनात होते. वार्षिकाच्या निमित्ताने योग आला.

आरंभ देवीपासूनच केला पाहिजे. आमच्याकडे कोणतीही गोष्ट तिच्यापासूनच सुरू होते. डोंगरावरच्या ठाण्याला मूळपीठ म्हणतात. औंधासुर नावाच्या दैत्याला देवीने मारले आणि त्यावरून गावाला औंध नाव पडले, असे जुनी माणसे सांगतात. जोतिबाने तिला "ये माई" अशी हाक घातली, म्हणून ती यमाई! खरे-खोटे देवी जाणे. पौषात यात्रा भरते. रथ निघतो. मुंबईला, पुण्याला पोटासाठी गेलेली माणसे दिवाळीला एक वेळ येणार नाहीत, पण यात्रेला येतात. घराघरांत अंथरुणे कमी पडतात, चुली विझत नाहीत, आणि वर्षभर कुलूप असलेल्या घरांतूनही त्या चार दिवसांत माणसांचे आवाज ऐकू येतात.

याच देवीचे भक्त परशुराम त्रिंबक. ते मूळचे किन्हईचे. छत्रपती राजाराम महाराजांच्या पडत्या काळात त्यांनी पराक्रम गाजवला, पुढे त्यांना 'प्रतिनिधी' हे पद मिळाले आणि ते त्यांच्या घराण्यात चालत आले. पंतप्रतिनिधींचे संस्थान ते हेच. संस्थान म्हटल्यावर कुणी बडोदे-ग्वाल्हेर डोळ्यांपुढे आणू नये. उणीपुरी बहात्तर गावे! तीही एका जागी नव्हेत. औंध इकडे, आटपाडी तिकडे, कुंडल तिसरीकडे, आणि गुणदाळ तर पार विजापूरच्या बाजूला. मध्ये सगळा इंग्रजांचा मुलूख. राजाला आपल्याच राज्यात फिरायचे, तर वाटेत परक्याची हद्द ओलांडावी लागे. एखाद्या शेतकऱ्याचे चार तुकडे चार शिवारांत असावेत, तसे हे राज्य होते.

१९०९ साली भवानराव ऊर्फ बाळासाहेब गादीवर आले. या राजाबद्दल आमच्या गावात इतक्या गोष्टी सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावे हा एक माणूस नसून पाच-सहा असतील. ते चित्रे काढीत. त्यांचे 'चित्ररामायण' १९१६ साली निघाले. ते उभे राहून कीर्तन करीत. भांडारकर संस्थेच्या महाभारताला त्यांनी मोठी देणगी दिली आणि त्यासाठी स्वतः चित्रेही काढली. १९३५ साली इंदूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. आणि सूर्यनमस्कार! त्यांचे तर त्यांना वेडच होते. संस्थानातल्या शाळांत मुलामुलींना ते सक्तीचे होते. माझ्या आजीचे माहेर आणि सासर दोन्ही औंधातच. लहानपणचे सूर्यनमस्कार ती अजून विसरलेली नाही. "म्हाराज सवता आमच्यासंगं घालायचं," असे सांगताना तिचा चेहरा असा काही फुलतो, की राजाने तिला एखादे गाव इनाम दिले असावे असे वाटते.

गुणी माणूस दिसला की त्याला आणून आपल्या मुलुखात बसवायचे, ही या राजाची खोड. बेळगावला लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना अडचणीत आला, तेव्हा बाळासाहेबांनी त्यांना कुंडलच्या माळावर जागा दिली. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. पंडित सातवळेकर मूळचे चित्रकार. ते औंधला आले आणि तिथे स्वाध्याय मंडळ काढून वेदांच्या छपाईत गढून गेले. अंतुबुवा जोशी दरबारात गायला होते. अंतुबुवांनी आपल्या गुरूंच्या, शिवानंद स्वामींच्या, स्मरणार्थ १९४० साली संगीत उत्सव सुरू केला. त्यांचे चिरंजीव गजाननबुवा गायनातही आणि व्हायोलिनवादनातही नावाजले. त्यांनी आणि पुढे त्यांच्या शिष्यांनी हा उत्सव चालवला. आजही आश्विनात तो भरतो. तिकीट नाही. बैठक जमिनीवर. पुण्यामुंबईचे रसिक गाड्या करून येतात आणि त्यांच्या शेजारी आमच्या गावचा, दिवसभर कांद्याला पाणी पाजून आलेला गडी मांडी घालून बसतो. त्याला रागाचे नाव सांगता येणार नाही, पण समेवर त्याची मान बरोबर हलते. शेजारचे पाहुणे एकदा त्याच्याकडे वळून पाहतात, तेव्हा मला मनातून फार बरे वाटते!

१९३८ साली संग्रहालय झाले. श्री भवानी चित्रपदार्थ संग्रहालय हे त्याचे नाव. रविवर्म्याची मूळ चित्रे तिथे आहेत, धुरंधरांची आहेत, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे आई आणि मूल असे एक दगडी शिल्पही आहे. त्या शिल्पासमोर फारसे कुणी थांबत नाही. नाक-डोळे धड नाहीत, म्हणून लोक पुढे सरकतात. सगळी गर्दी रविवर्म्यापाशी. लोकांनाच नावे ठेवण्यात काय अर्थ आहे? शिल्प कसे पाहावे हे त्यांना कुणी कधी सांगितलेच नाही.

परंतु वर म्हटलेली गोष्ट ही नव्हे. चित्रे जमवणारे, गवई बाळगणारे राजे पुष्कळ झाले. राज्यच प्रजेच्या स्वाधीन करणारे किती झाले?

१९३८ च्या नोव्हेंबरात बाळासाहेबांनी जाहीर केले, की राज्यकारभार आता लोकांनी चालवावा. त्या वेळी त्यांची सत्तरी झाली होती. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब विलायतेतून शिकून परत आले होते. त्यांच्या जोडीला एक अजब माणूस होता – मॉरिस फ्रिडमन. पोलंडचा ज्यू, धंद्याने इंजिनिअर, बंगलोरच्या कारखान्यातला अधिकारी आणि वृत्तीने संन्यासी. (याच फ्रिडमनने पुढे मुंबईला निसर्गदत्त महाराजांची प्रवचने इंग्रजीत आणली; ते पुस्तक १९७३ साली निघाले आणि जगभर गेले.) हे दोघे सेवाग्रामला गांधीजींकडे गेले आणि त्यांच्या सल्ल्याने राज्यघटना तयार झाली. २१ जानेवारी १९३९ रोजी ती अमलात आली. गावाने पंच निवडायचे, पंचायतींच्या प्रमुखांची तालुका समिती व्हायची, आणि तिच्यातून वरचे विधिमंडळ भरायचे. म्हणजे कारभार वरून खाली यायचा नाही, खालून वर जायचा! राजाने आपल्या खर्चाला मर्यादा घालून घ्यायची. आप्पासाहेबांनी गावांची चाकरी करायची. आणि मतदाराला लिहिता-वाचता आले पाहिजे, हा गांधीजींचा आग्रह.

हा शेवटचा आग्रह मला पुस्तकात वाचून कळला नाही. तो मला माझ्या पणजीमुळे ठाऊक होता.

पणजी म्हणजे आजीची आई. मी तिला पाहिलेली नाही. पण आजी सांगते, की रात्री भाकरी-कालवण झाले, की तिची आई दगडी पाटी पदराखाली झाकून शिकायला जायची. पाटी झाकायची का, तर लोक हसतील म्हणून. आळीतल्या सात-आठ बायका, एक कंदील आणि समोर शाळेतला मास्तर. त्याच्या वयाची पोरे काहींच्या घरी होती. "आईला 'ण' काय केल्या जमंना," आजी सांगते. "मग ती काय करायची, चुलीपुढं राखंत बोटानं गिरवायची. भाकर करपायची, बा वरडायचा, पर ती आपली गिरवायचीच." शेवटी सही आली. मत द्यायला निघालेल्या आईच्या अंगावर लग्नातले लुगडे होते, हे आजीला पक्के आठवते; पंच कोण निवडून आले, ते मात्र आठवत नाही.

आमच्या सरांनी आप्पासाहेब पंतांचे 'अ‍ॅन अन्यूज्वल राजा' हे १९८९ साली निघालेले इंग्रजी पुस्तक मला वाचायला दिले. इंदिरा रोदरमुंड या अभ्यासक बाईंनी १९८३ साली औंधच्या या प्रयोगावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला आहे. परदेशांत लोक तो वाचतात. राखेत गिरवलेला 'ण' मला त्यात दिसणार नव्हता, तरी मी पाने उलटताना त्याला शोधत होते.

त्याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत झाली. भिंत नाही, बेड्या नाहीत. शिक्षा झालेल्यांनी शेती करायची आणि बायकामुलांसह राहायचे. पुढे १९५७ साली व्ही. शांतारामांचा 'दो आँखें बारह हाथ' आला, त्याचे मूळ इथले. कथा गदिमांची. गदिमा आटपाडी भागातलेच, शिक्षण आटपाडी, कुंडल, औंध असे संस्थानातच झाले. येथे थोडी बढाई मारते, वाचकांनी क्षमा करावी. गदिमा १९७३ साली यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर १९८३ साली अंबाजोगाईच्या. आणि आटपाडीच्या दलित वस्तीतून वर आलेले शंकरराव खरात १९८४ साली जळगावच्या. राजेसाहेबांना धरून चार अध्यक्ष झाले! बहात्तर गावांच्या मानाने हे काही थोडे नव्हे.

मात्र नुसते गोडवे गायचे नाहीत, असे मी ठरवले आहे. या स्वराज्याला एक उणे होते. ते दिलेले स्वराज्य होते. राजा चांगला, म्हणून ते मिळाले; राजा तसा नसता तर? आणि पंच म्हणून जे निवडून आले, त्यांत वेशीबाहेरची माणसे किती होती, बायका किती होत्या, हा प्रश्न मनातून जात नाही. पणजीला मत मिळाले, पण पंचांच्या सतरंजीवर ती बसल्याचे आजीने कधी सांगितलेले नाही. शतकांची उतरंड एका कायद्याने मोडत नाही, हे आपण आजही पाहतोच.

याच संस्थानात दुसऱ्या तऱ्हेचे स्वराज्यही उभे राहिले, आणि ते कुणी दिलेले नव्हते. बेचाळीसच्या चळवळीत आमच्या शेजारी वडूजला ९ सप्टेंबर १९४२ रोजी मोर्चावर गोळीबार झाला; परशुराम घार्गे आणि त्यांचे साथीदार हुतात्मे झाले. वडूज इंग्रजी हद्दीत होते. पुढे क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार आले, आणि त्याचा मोठा आधार होते कुंडल – जी.डी. बापू लाडांचे गाव, म्हणजे औंध संस्थानचा मुलूख. इंग्रजांचे पोलीस मागे लागले, की भूमिगत माणसे संस्थानच्या हद्दीत शिरत. इकडची यंत्रणा त्यांच्याकडे काणाडोळा करी. एका बाजूला राजाने दिलेल्या पंचायती, दुसऱ्या बाजूला लोकांनी स्वतः मांडलेली न्यायदाने. एकाच छोट्या संस्थानात दोन्ही! पुस्तकांत या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. मला त्या एकाच घरातल्या दोन भावांसारख्या वाटतात. एक शांत, एक तापट.

मग १९४८ साल उजाडले. ३० जानेवारीला गांधीजींची हत्या झाली आणि जिल्ह्यात गावोगाव ब्राह्मणांची घरे जळाली. पंडित सातवळेकर तीस वर्षांचा संसार आवरून गुजरातेत पारडीला गेले. त्या दिवसांविषयी आमच्या गावात कुणी मोठ्याने बोलत नाही. आजीला विचारले, की ती सुपातले तांदूळ अधिक बारकाईने निवडू लागते. ज्या गांधींच्या सल्ल्याने आमच्या मुलखाला स्वराज्य मिळाले, त्यांच्याच नावाने जिल्ह्यात शेजाऱ्याने शेजाऱ्याचे घर पेटवावे, याचा अर्थ मला अजून लावता आलेला नाही.

त्यानंतर महिनाभरातच, ८ मार्च १९४८ रोजी, संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. देश एक झाला, ते योग्यच झाले. बहात्तर गावांचे वेगळे राज्य ठेवून करायचे काय? परंतु राजांबरोबर त्या पंचायतीही गेल्या. जो कारभार खालून वर जात होता, तो पुन्हा वरून खाली येऊ लागला. मुंबई राज्याचा ग्रामपंचायत कायदा १९५८ चा, आणि त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींना राज्यघटनेत मानाचे स्थान मिळाले ते १९९३ साली. औंधात जे १९३९ साली करून पाहिले होते, त्याच्या जवळपास यायला देशाला अर्धे शतक लागले.

विलीनीकरणाची आजीची आठवण अगदीच साधी आहे. कचेरीतली दप्तरे लाल फडक्यांत बांधून मोटारीत भरली आणि ती मोटार साताऱ्याच्या रस्त्याने गेली. पोरे धुरळ्यातून मागे पळाली. नंतर कारकून गेले, वकील गेले, त्यांच्या घरी भाजी-दूध घालणाऱ्यांचा धंदा बसला. तालुक्याचे ठाणे वडूज. ज्या गावात बहात्तर गावांची माणसे कामाला येत, त्या गावच्या माणसाला सात-बाराच्या उताऱ्यासाठी वडूजची एस.टी. पकडावी लागली. बाळासाहेब १९५१ साली गेले. संग्रहालय सरकारने सांभाळले, हे त्यातल्या त्यात भाग्य.

राजधानी गेली, हे खरे. पण काही सवयी गेल्या नाहीत, असे मला वाटते. आमच्या आळीत अजून पहाटे एक-दोन घरांत सूर्यनमस्कार चालतात. परड्यात गुरे बांधणाऱ्याच्या घरीही मुलगी शिकली पाहिजे, याबद्दल दुमत नसते. माझ्या वडिलांनी मला कला शाखेत घातले, तेव्हा "इतिहास शिकून काय करणार?" असे सगळ्यांनी विचारले, फक्त आजीने विचारले नाही.

गेल्या वर्षी ग्रामसभेला तिला घेऊन गेले. सुट्टी होती आणि तिचा हट्टही होता. वय झाले आहे, वाकून चालते, पण सभेला यायचेच म्हणाली. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर सूचना डकवलेली होती. आजी चष्मा पुसून तिच्यासमोर उभी राहिली आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून मोठ्याने वाचू लागली. दाराशी मोबाइल पाहत उभी असलेली पोरे गालात हसली. पाणीपुरवठा, घरपट्टी, रस्त्यावरचे दिवे असे विषय होते. वाचून झाल्यावर ती थांबली, पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली.

"सभा किती वाजता हाय, त्ये लिवलंच न्हाई की गं," ती म्हणाली. "मंग मानसं येनार कशी?"

शिपाई आतून पेन घेऊन आला.